नकट्याचं कडं

आमच्या भावोजींना कंपनीत सगळे पाणबुड्या म्हणायचे, आणि ती निव्वळ थट्टा होती. हा माणूस जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही. आंघोळसुद्धा बादलीतून तांब्याने, तीही डोळे उघडे ठेवून. न्हाणीघरात मी हौसेने वरचा फवारा बसवून घेतला तर म्हणतात कसे, "वहिनी, तो तुमच्यासाठी. डोक्यावर पाणी पडायला लागलं की मला श्वास सापडत नाही." आणि असल्या माणसाने जमवलं काय, तर पाणबुड्यांची घड्याळं! जळलं मेलं लक्षण. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, निदान ती गप्प तरी बसतात. यांच्या खोलीत पाऊल टाकलं की शंभर बारीक दात एकदम करकरायला लागतात.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, करायचं नाव काढलं की खोकला यायचा. बंदरावर एक कंपनी होती, जहाजांची बुडं घासून द्यायची, पाण्यात पडलेलं काहीबाही वर काढून द्यायची. आमचे हे तिथे पाणबुडे, आणि भावोजी तिथेच स्टोअरमध्ये. एक भाऊ पाण्याखाली, दुसरा काउंटरमागे खुर्चीत. दोर, नळकांडी, दिवे, घड्याळं, सगळं भावोजींच्या हातून जायचं आणि त्यांच्याच हातात परत यायचं.

त्या घड्याळांना काचेभोवती एक फिरतं कडं असतं, आणि कड्यावर एक त्रिकोणी खूण. पाण्यात उतरताना ती खूण मिनिट काट्यासमोर आणून ठेवायची. मग काटा खुणेपासून किती पुढे गेला ते बघितलं की कळतं, खाली किती वेळ झाला आणि पाठीवर हवा किती उरली. आमच्या बंदरावर अशी रीत होती की ते कडं पाणबुड्याने स्वतः फिरवायचं नाही. स्टोअरवाल्याने फिरवून मनगटावर बांधायचं. आणि माणूस वर येऊन, ओलाचिंब, समोर उभा राहिला की स्टोअरवाल्यानेच खूण परत बाराच्या घरावर आणायची. माणूस समोर दिसल्याशिवाय कड्याला हात नाही. मोठमोठे साहेबसुद्धा ही रीत पाळायचे.

ह्यांच्या घड्याळाचा सेकंद काटा एकदा तुटला. नेमका त्या मापाचा काटा स्टोअरमध्ये नव्हता. भावोजींनी दुसऱ्या जातीचा लांब काटा काढला आणि पुढून कात्रीने छाटून बसवला. छाटला तो तिरका. संध्याकाळी ह्यांनी घरी आणून दाखवलं तेव्हा मी हसून हसून बेजार. म्हटलं, "अगं बाई, हे तर नकटं!" त्यावरून ते घड्याळ नकटा झालं. हे म्हणाले, "माझ्या भावाने नाक कापलं बघ माझं." भावोजी लाजून कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी स्वतः नकट्याचं कडं फिरवलं, ह्यांच्या मनगटावर बांधलं, आणि हे एका जहाजाच्या बुडाखाली गेले. दोर वर आला, हे आले नाहीत. दोराची गाठ तुटली नव्हती, सुटली होती. लोक म्हणाले, ओढ होती पाण्याला, गाठ सैल झाली असेल. पाणी गढूळ, हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. बरेच दिवस शोधलं. चप्पलसुद्धा, म्हणजे काठावर काढून ठेवलेली, तीही कुणीतरी उचलून नेली. चपलेवरून मी जेवढी रडले तेवढी आणखी कशावरून रडले नसेन.

त्यानंतर भावोजी महिनाभर बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा एकच बोलले. "माझा काटा मिनिट काट्याला अडकला असणार, वहिनी. घड्याळ थांबलं असणार. दादाला वाटलं, अजून वेळ आहे. मी तो काटा टेबलावर धड अर्धा तासही चालवून बघितला नव्हता." मी म्हटलं, असं नसतं हो. सासूबाईंनी सांगितलं, साहेबांनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो तिरका काटा त्यांच्या काळजात जो रुतला तो रुतला. सासूबाई गेल्या, कंपनी बंद झाली, आमचे केस पिकले. घरात उरलो आम्ही दोघं. चहा मात्र मी अजून तीन कपांचा टाकते. हाताला वळणच तसं. तिसरा कप भावोजी न बोलता पिऊन टाकतात.

आणि तेव्हापासून हा नाद. कारखाने नव्या घड्याळांबरोबर दुरुस्तीसाठी सुटे भागही बनवून ठेवायचे. तबकड्या, काटे, कडी, पाठीची झाकणं. घड्याळांचे ते नमुने कधीच बंद झाले, पण भाग जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये पुड्यांत पडून राहिले. काही कोरे, काही सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळांतून बदलून काढलेले. भावोजी ते कुठून कुठून मागवतात आणि एकेक घड्याळ उभं करतात. तबकडी या माणसाची, काटे त्या माणसाचे, पट्टा तिसऱ्याचा. अट एकच. भाग त्याच घड्याळाचा, अस्सल पाहिजे. "मापात बसतं" हे शब्द त्यांच्यासमोर काढायचे नाहीत, डोळे लाल होतात.

आधी मला वाटायचं, बरं आहे, हात रिकामे नाहीत. मग एकदा खोली झाडताना त्यांना एका झाकणाच्या कडेतून काडीने मळ काढताना बघितलं. म्हटलं, "हे काय?" तर शांतपणे म्हणाले, "माणूस. मनगटाचा घाम आणि कातडी. आता कोण होता काय माहीत." मी तो मळ त्यांच्या कागदासकट बाहेर टाकला आणि हात तीनदा धुतले. त्यांच्या कपाटातली सगळी घड्याळं अशीच. एकेका घड्याळात चार-चार माणसं दाटीवाटीने राहतात, आणि घड्याळ म्हणून ते कधी कुणाचंच नव्हतं. दुपारी पडदे ओढले की तबकड्यांवरचे रेडियमचे ठिपके उजळतात, हिरवट, ओळीने, आणि सगळे खोलीच्या मधोमध बघत असतात. मी पडदे ओढू देत नाही.

घड्याळाच्या आत दमट हवा राहिली का, ते बघायची त्यांची एक युक्ती आहे. घड्याळ कोमट तव्यावर ठेवायचं, माझ्याच तव्यावर अर्थात, आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब टाकायचा. आत ओल असेल तर थेंबाखाली काचेला आतून धुकं धरतं. नसेल तर काच लख्ख. "लख्ख!" असं ते स्वयंपाकघरातून ओरडतात, आणि मी म्हणते, "तवा घासून ठेवा."

त्या सगळ्या पसाऱ्यात एक जागा रिकामी होती. नकट्याच्या जातीचं घड्याळ. ते त्यांना जसं कारखान्यातून निघालं तसं, सरळ अस्सल काट्यासकट उभं करायचं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते खोटं नाही. घड्याळाची बाहेरची केस मिळाली तर तबकडी नाही, तबकडी मिळाली तर वाटेत तडकली. शेवटी सगळं जमलं, कडं बसलं. कड्याची खूण भावोजींनी त्या दिवशी लावली होती तिथेच लावली. ते मी बघितलं. फक्त सेकंद काटा राहिला होता.

जुने भाग विकणाऱ्या एकाने काट्यांची पुडी पाठवली. मी चहा घेऊन गेले तर भावोजी डोळ्याला भिंग लावून बसलेले, आणि तोंडाचा रंग पार उडालेला. मी कप ठेवला तरी वर बघेनात. चिमट्यात एक काटा होता. मी म्हटलं, "मिळाला का एकदाचा?" त्यांनी गडबडीने मूठ मिटली. भावोजींना लपवायला येत नाही, कधीच येत नव्हतं. मी त्यांची मूठ उघडली, भिंग घेतलं, आणि बघितलं.

लांब काटा. पुढून कात्रीने छाटलेला. तिरका.

हातच्या काकणाला आरसा कशाला? मी ज्यावर पोट धरून हसले होते तो काटा मी नाही ओळखणार? मी त्यांच्या पलंगावर बसले. त्यांच्या पलंगावर मी या घरात आल्यापासून कधी बसले नव्हते.

"गंज नाही," भावोजी म्हणाले. "वहिनी, समुद्रात राहिलेल्या घड्याळाचा काटा असा राहत नाही. त्याची भुकटी होते. याचा रंग उन्हाने पिवळा पडलाय. हा कुणाच्या तरी मनगटावर उन्हात फिरलाय."

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, लांबच्या एका गावातल्या दुरुस्तीच्या दुकानाचा माल आहे. दुकान मोडलं तेव्हा घेतला. सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळांतून बदलून काढलेले काटे आहेत, गिऱ्हाइकं म्हणतात हा नको, नवा टाका, मग जुना पुडीत. "का, खराब निघाला का काही?" भावोजी म्हणाले, "नाही, नाही. चांगला आहे." आणि फोन हातातच राहिला.

आता सांगते ते नीट ऐका, कारण त्या दुपारी आम्ही दोघं हेच घोळवत बसलो होतो. काटा छाटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे गेले. म्हणजे तो काटा घड्याळातून निघाला तो त्यानंतरच. म्हणजे घड्याळ पाण्यातून वर आलं होतं, लगेच आलं होतं, आणि कुणीतरी ते दुकानात नेऊन सांगितलं होतं की हा नकटा काटा काढा, बरा दिसत नाही.

"प्रेतावरून काढलं असेल कुणीतरी," भावोजी म्हणाले. "वाहत गेला असेल दादा लांब. कोळ्याबिळ्याला सापडला असेल. घड्याळ काढून घेतलं, आणि..." मी घाईघाईने म्हटलं, "हो, तसंच असेल." दोघंही तेच धरून बसलो. त्यांना स्वतःचा गुन्हा हवा होता, आणि मला? मला बुडालेल्या माणसाची बायको राहायचं होतं. ते मला जमलं होतं. बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या, दुकानदार आधी माझं सामान बांधायचा. पण माझ्या कानात मात्र ह्यांचं एक वाक्य घुमत होतं. हसत म्हणायचे ते, जेवायला बसताना. "तुमच्या या घरात जीव गुदमरतो बाबा. त्यापेक्षा पाण्याखाली बरं वाटतं." आणि ती गाठ. सुटलेली.

भावोजींनी तो तिरका काटाच घड्याळात बसवला. जन्मभराची अस्सलची अट मोडली. म्हणाले, अडकतो का बघू. दिवसभर समोर बसून राहिले. अडकला नाही. "आता नाही अडकत," ते म्हणाले, "तेव्हा अडकला असेल. दुकानवाल्याने नंतर त्याचा वाक काढला असेल." त्यांना सुटायचंच नव्हतं.

मग तव्यावर थेंब टाकला, तर काचेला आतून धुकं. उघडलं, वाळवलं, नवा रबर घातला, परत थेंब. परत धुकं, आणि लगेच गेलं. परत आलं, परत गेलं. भावोजी तव्याकडे टक लावून बघत होते. मी गॅस बंद केला. तसलं धुकं माहीत आहे मला. आरशासमोर उभं राहून बोललं की धरतं ते.

पण खरी गोष्ट पुढेच. हे घड्याळ आपोआप चावी बसणारं. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि चावी बसते. मनगटावरून काढून ठेवलं की दोन दिवसांत थांबतं. थांबायलाच हवं. भावोजींनी घाबरून ते टॉवेलात गुंडाळून खालच्या ड्रॉवरमध्ये कोंबलं, किल्ली लावली. पुढच्या आठवड्यात मला विचारतात, "वहिनी, तुम्ही घातलं होतं का हातात?"

"मी? मी कशाला घालू ते मेलं?"

"चालतंय."

आणखी काही दिवस गेले. चालतंय. मी कानाला खडा लावला होता की त्या खोलीत जायचं नाही. पण जेवताना भावोजी घास ताटात ठेवून त्या खोलीकडे कान लावायचे. भीती मलाही वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला. घरात दोन म्हातारी माणसं, आणि एक टीचभर यंत्र आम्हाला खेळवतंय! मी म्हटलं, "काढा ते बाहेर. तुमचं ते टिकटिक मोजायचं यंत्र आहे ना, त्याच्यावर लावा. काय आहे ते एकदा कळू दे."

त्या यंत्राला घड्याळ लावलं की पडद्यावर रेघ येते. घड्याळ गप्प पडून असेल तर रेघ सरळ. मनगटावर असेल, हात वरखाली होत असेल, तर रेघ डुलते. भावोजींनी नकटा यंत्राच्या चिमट्यात घट्ट बसवला. टेबलाला कुणाचा हात नाही, खिडकी बंद, पंखा बंद.

रेघ डुलत होती.

वर, खाली, वर, खाली. मध्ये जरा थांबायची, मग पुन्हा. भावोजी पुटपुटले, "कुणीतरी चालतंय." माझ्या अंगावरचा काटा मोडेना. आम्ही जेवण तसंच ठेवलं आणि बसलो बघत. रेघ चालत होती, थांबत होती, एकदा जरा वेळ जागच्या जागी भराभर हलली, हात धुताना हलावं तशी. मग सावकाश झाली. आणि मग सरळ. अगदी सरळ, सुतासारखी.

"थांबलं," भावोजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती.

पण टिकटिक चालूच होती. किती वाजले ते मी बघितलं नाही, मला बघायची गरज नव्हती. आमच्या घरातलं ऊन जेवणानंतर कुठे येतं ते मला पाठ आहे. जेवण झालं की हे हात धुवून उजव्या कुशीवर आडवे व्हायचे, डावा हात पोटावर. जग इकडचं तिकडे झालं तरी ती झोप चुकायची नाही. जहाजावर काम असलं तरी दोराच्या वेटोळ्यावर पडून घ्यायचे.

"थांबलं नाही, भावोजी," मी म्हटलं. "आडवं झालंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही माहीतच होतं. एका घरात वाढलेले दोघे भाऊ ते.

खरं सांगते, त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. म्हटलं असतं, यंत्र बिघडलं असेल, आणि मी विधवा राहिले असते, भावोजी खुनी राहिले असते, दोघांचं नीट चाललं असतं मरेपर्यंत. पण समोर तो माणूस बसला होता. कुणाचं काही न घेता, काही न मागता, एका छाटलेल्या काट्यापायी ज्याने उभा जन्म जाळला. आणि तो दुसरा कुठेतरी जेवून घोरत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घड्याळ चिमट्यातून उचललं.

"वहिनी, कड्याला हात नको... माणूस समोर आल्याशिवाय..."

"माहीत आहे मला रीत! तो कसला येतोय समोर!" आणि मी कडं फिरवलं. कटकट वाजत फिरलं, खूण बाराच्या घरावर आली. "वर आला तो, भावोजी. दोराची गाठ आपल्या हाताने सोडली, जहाजाच्या पलीकडच्या अंगाने आपल्या पायांनी वर आला आणि गेला. तुमच्या काट्याने त्याला बरोबर वेळ दाखवली. ऐकताय का? अगदी बरोबर दाखवली."

भावोजी लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तोही या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मग नाक पुसून म्हणाले, "वहिनी, आणि दादा आला तर?"

"आला तर त्याला एवढंच विचारायचं," मी म्हटलं, "काटा नको होता, तर तोंडावर का नाही सांगितलं." आणि मग मात्र मलाही आवरेना.

ऊन खिडकीवरून उतरलं होतं. नकटा माझ्या मुठीत होता आणि माझी मूठ मांडीवर, जराही हलत नव्हती. तेवढ्यात घड्याळाच्या आतलं वजन गरकन एकदा फिरलं. मग पुन्हा. कुणी कूस बदलून उठून बसावं तसं मला मुठीत कळलं. झोप झाली असावी. झोपेतून उठलं की ह्यांना लागलीच चहा लागायचा.

मी घड्याळ भावोजींच्या हातात दिलं, स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. दोन कप.